फुटलेले पत्र



दुसऱ्याचे पत्र उघडू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवले जाते. पण समजा, ते कुणीतरी उघडलेच आणि आतला मजकूर खरा निघाला, तर तो चारचौघांत वाचून दाखवावा का? जे जे खरे, ते ते उघड करणे हे नेहमीच पुण्याचे काम असते का? या प्रश्नावर विचार करताना इतिहासातील एक पत्र आपल्याला बरेच काही शिकवून जाते.

एनरिके दुपुई दे लोमे हे अमेरिकेतील स्पेनचे राजदूत. क्यूबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता आणि तेथे स्वातंत्र्याचा लढा पेटलेला होता. १८९७ च्या अखेरीस या राजदूतांनी होसे कानालेहास या हवानातील आपल्या मित्राला खाजगी पत्र लिहिले. त्यात अमेरिकेचे अध्यक्ष विल्यम मॅकिन्ली हे दुबळे असून लोकांच्या वाहवेसाठी धडपडतात, असा शेरा त्यांनी मारला. पत्र हवानात चोरीला गेले, न्यू यॉर्कमधील क्यूबन क्रांतिकारकांच्या हाती पडले आणि ९ फेब्रुवारी १८९८ रोजी विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या 'न्यू यॉर्क जर्नल'ने ते भडक मथळ्याखाली छापले. अमेरिकन जनता खवळली.

राजदूतांनी राजीनामा दिला. स्पेनने खेद व्यक्त केला. प्रकरण तेथेच मिटायला हरकत नव्हती. परंतु सहाच दिवसांनी 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका हवाना बंदरात स्फोट होऊन बुडाली. २६० हून अधिक माणसे प्राणाला मुकली. कारण कळण्यापूर्वीच अनेकांनी स्पेनला गुन्हेगार ठरवून टाकले. स्फोट जहाजातील कोळशाच्या आगीमुळे झाला असावा, असा निष्कर्ष अमेरिकन नौदलाचे ॲडमिरल रिकोव्हर यांनी काढला, पण तो १९७६ साली! पोप लिओ तेरावे यांनी मध्यस्थीसाठी केलेले प्रयत्नही निष्फळ ठरले आणि एप्रिल १८९८ मध्ये युद्धाला तोंड फुटले.

युद्ध केवळ त्या पत्रामुळे झाले, असे म्हणणे योग्य होणार नाही. स्पॅनिश सैन्याने क्यूबातील खेडुतांना छावण्यांत कोंडले होते. तेथे हजारो लोक भुकेने व रोगाने मेले. त्याची चीड होतीच, शिवाय अमेरिकेचे स्वतःचे हितसंबंधही होते. मात्र पत्राने एक गोष्ट केली: दोन देशांत जो थोडासा विश्वास शिल्लक होता, तोही संपवला. त्यामुळे खऱ्या संकटाच्या वेळी स्पेनचे म्हणणे ऐकून घ्यायला फारसे कुणी तयारच नव्हते.

मग दोष कुणाचा? लिहिणाऱ्याचा, चोरणाऱ्याचा की छापणाऱ्याचा? आम्हाला वाटते, प्रत्येकाच्या पदरात आपापला वाटा पडतो. त्याच पत्रात राजदूतांनी अमेरिकेशी व्यापारी बोलणी निदान देखाव्यापुरती तरी सुरू ठेवावीत, असेही सुचवले होते. समोर एक आणि मागे एक, ही वृत्ती पत्र फुटले नसते तरी पापच ठरली असती. उलट, ही फसवणूक अमेरिकन जनतेला कळणे गैर होते, असेही म्हणता येणार नाही. निरपराधांचे नुकसान करणारी गोष्ट उघडकीस आणणे हे कधी कधी कर्तव्यच असते.

पण लोक पेटले ते प्रामुख्याने त्या अपमानामुळे. येथेच ख्रिस्तसभेची शिकवण आपल्याला सावध करते. योग्य कारण नसताना दुसऱ्याचा दोष, तो खरा असला तरी, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यापुढे उघड करणे हे पाप आहे. "मी खोटे कुठे बोललो?" एवढ्या उत्तराने आपली सुटका होत नाही. मी हे का सांगतो? कुणाला सांगतो? त्यातून जखम बरी होणार की चिघळणार? या प्रश्नांची उत्तरेही द्यावी लागतात. लहानशी ठिणगी केवढे रान पेटवते, असे संत याकोब जिभेविषयी बजावतात, ते उगीच नव्हे.

आणि चौथा वाटा वाचणाऱ्याचा. अशा मजकुराला गिऱ्हाईक असते म्हणून तो छापला जातो. आज तर प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. भावाने भावाविषयी रागाच्या भरात मोबाईलवर लिहिलेले चार शब्द क्षणात साऱ्या नातलगांत फिरतात. राग दोन दिवसांत ओसरतो, पण मजकूर मात्र राहतो. मग बांधाचा साधा वाद कोर्टापर्यंत जातो आणि लग्नकार्यातले येणे-जाणे बंद होते.

म्हणून या आठवड्यात असा एखादा मजकूर आपल्या हाती आला, तर क्षणभर थांबूया. त्यात कुणाचे संरक्षण होणार असेल, तर ज्याला सांगणे आवश्यक आहे त्यालाच सांगूया. नसेल, तर तो आपल्यापाशीच संपू द्या.