तुम्ही व्हा पुढं



डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही घरची नऊ माणसं भालकीहून हंपीला गेलो होतो. मतंग टेकडीवरून सूर्योदय बघायचा हे मुलांनी निघतानाच ठरवलेलं. पहाटे पाचला बॅटऱ्या घेऊन बाहेर पडलो. जुन्या बाजारपेठेच्या टोकाला मोठा दगडी नंदी आहे, तिथून जवळच वाट चढते. पायऱ्या आहेत, पण सलग नाहीत. मध्येच एवढे मोठे धोंडे येतात, की हात टेकूनच चढावं लागतं.

पंधरा मिनिटांत अक्का, म्हणजे आमच्या थोरल्या जाऊबाई, एका दगडावर बसल्या. गुडघे. "तुम्ही व्हा पुढं, मी बसते इथं."

"नक्की ना अक्का?"

"जा गं, सूर्य काय थांबतोय का तुमच्यासाठी!"

एक बॅटरी, पाण्याची बाटली आणि डब्यांची पिशवी त्यांच्याजवळ ठेवून आम्ही निघालो.

खरं सांगायचं तर वर जाताना आमचं बोलणं काय चाललं होतं? डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय, ऐकत नाहीत. वजन उतरवत नाहीत. गोळ्या वेळेवर घेत नाहीत. वर पोचेपर्यंत आमचं ठरूनच गेलं, की अक्का मागं राहिल्या त्या स्वतःच्या दोषानं.

माथ्यावर वीरभद्राचं देऊळ आहे. तांबडं फुटलं तशी तुंगभद्रा दिसली, केळीच्या बागा दिसल्या, खाली अच्युतरायाचं १५३४ सालचं मंदिर. १५६५ च्या लढाईत विजयनगरावर चालून आलेल्यांत आपल्या बीदरचीही फौज होती, हे दीरांनी तिथंच सांगितलं. मुलांनी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला: "सगळे वर पोहोचलो." ग्रुपमध्ये अक्काही आहेत.

तो 'सगळे' वाचला आणि महाप्रस्थानाची कथा आठवली. सत्संगात आपण ती कितीदा ऐकलीय. द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. भीम विचारतो, ही का पडली, हा का पडला? धर्मराज प्रत्येकाचा एकेक दोष सांगतो आणि मागं न बघता चालत राहतो. आम्ही आजवर यातून वैराग्य शिकलो. आता वाटतं, मागच्याचा दोष सापडला की पाय उचलायला सोपं जातं. पण तोच धर्मराज पुढं कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात बसायला तयार होत नाही. आपली माणसं नरकात आहेत कळल्यावर तिथंच राहतो म्हणतो. मग आपण कुठला धर्मराज धरायचा?

नऊच्या नऊ जणांनी खाली बसावं, मुलांनी सूर्योदय बघू नये, असं आमचं म्हणणं नाही. अक्काच चिडल्या असत्या. आमचं अडतं ते दुसरीकडे. जी बाई तीस वर्षं जेवताना, लग्नाला जाताना, यात्रेला निघताना "तुम्ही व्हा पुढं" म्हणत आलीय, तिचं ते म्हणणं परवानगी म्हणून घ्यायचं का? गुडघे कशानं गेले तेही आम्हांला ठाऊक आहे. एकत्र घरात चुलीपुढं बसून दोन्ही वेळच्या भाकरी त्यांनीच थापल्या. आम्ही गरम गरम खाल्ल्या.

हे सांगितल्यावर एक गुरुभगिनी म्हणाल्या, "अहो, मतंग ऋषींच्याच आश्रमातली ना शबरी? ऋषी स्वर्गाला गेले, ती मागं राहिली आणि तिलाच राम भेटले." गोड वाटलं ऐकायला. पण शबरीला थांब म्हणून तिच्या गुरूंनी सांगितलं होतं, कशासाठी तेही सांगितलं होतं. अक्कांना तसं कुणी काही सांगितलं नव्हतं. आम्ही फक्त पिशवी सांभाळायला दिली.

खाली आलो तर अक्कांनी भाकरी, शेंगाची चटणी काढून ठेवलेली. "दिसला का सूर्य?"

"दिसला. तुम्हाला?"

"इथनं तो धोंडा आडवा येतोय."

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या अंजनाद्रीला गेलो. तिथं साडेपाचशेच्या वर पायऱ्या. पायथ्याशीच अक्का म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं." धाकटी जाऊ काही न बोलता त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसली. अक्का रागावल्याच जरा. मग सरकून तिला सावलीत जागा करून दिली.