फिरवायचं काय, थांबवायचं काय

रोमन मुत्सद्दी केटो याने इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात शेतीवर एक पुस्तक लिहिलं. लॅटिन गद्यातलं आज संपूर्ण हाती असलेलं ते सर्वांत जुनं पुस्तक. त्यात द्राक्षबागेसाठी एक साधा सल्ला आहे : वेल रोडावली असेल, तर तिच्याच काड्या बारीक तोडून तिथेच मातीत गाडाव्यात. आज निफाड-दिंडोरीकडच्या चर्चासत्रांत चक्रीय अर्थव्यवस्था या भारदस्त नावाखाली जे सांगितलं जातं, त्याचा गाभा या एका वाक्यात आहे.

आपल्याकडे माल निघाला की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. ओलांड्यावर डोळे राखून वर्षभराची काडी उतरवली जाते आणि दोन ओळींमध्ये तिचे ढीग पडतात. पूर्वी त्यातलं काही चुलीला सरपण म्हणून जाई, उरलेलं बांधावर पेटवलं जाई. आता अनेक बागांत ट्रॅक्टरमागचं यंत्र या काड्यांची जागेवरच कुट्टी करतं. ती बोदावर पसरली की उन्हाळ्यात ओल धरून ठेवते. पावसाळ्यात तिच्यावर शेणाची स्लरी पडली की पांढरी बुरशी धरते आणि खाली गांडुळं दिसू लागतात. काही महिन्यांनी मूठभर माती बोटांनी चुरून पाहावी : काळ्या भुग्यात एखादाच तुकडा असा सापडतो, की ज्यावरचं पेर अजून ओळखता येतं.

या व्यवहाराचा हिशेब मोठा विलक्षण आहे. द्राक्षाच्या घडात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि उरलेल्यात बहुतांश साखर. ती साखर वेल हवा, पाणी आणि उन्हातून घडवते. मातीतून कायमचं जातं ते थोडंच : टनामागे साधारण 2 किलो पोटॅशियम, थोडं नत्र, त्याहून कमी स्फुरद. पण हे थोडंच महत्त्वाचं. भारत आपली पोटॅशची गरज जवळजवळ सगळी आयातीवर भागवतो. म्हणजे परदेशातल्या खाणीतलं पोटॅश नाशिकच्या बोदात येतं आणि त्यातलं काही घडांबरोबर पुन्हा युरोपच्या बाजारात जातं. फळ परत येणार नाही, पण काडी आणि पानं बागेतच मुरली, तर विकत आणायचं खत तेवढं कमी होतं. वाइनरीतला चोथाही असाच. गाळलेल्या द्राक्षाच्या वजनाचा पाचवा हिस्सा तरी चोथ्यात उरतो. इटलीत त्यापासून ग्राप्पा नावाचं मद्य काढतात, बियांचं तेल निघतं आणि शेवटी राहिलेल्याचं खत होतं.

इथवर सगळं गोड आहे. पण फिरत राहावं असं बागेत सगळंच नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये डाऊनी हा वेलींचा रोग आला. बोर्डो परिसरातले बागाईतदार वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण उडवत. त्या वेली निरोगी राहिल्याचं मिलार्दे या शास्त्रज्ञाने हेरलं आणि 1885 मध्ये बोर्डो मिश्रणाची शिफारस जाहीर केली. तेव्हापासून ते जगभरच्या बागांचा आधार आहे. मात्र मोरचुदातलं तांबं कुजत नाही, विरत नाही. पानावरून मातीत उतरतं आणि वर्षानुवर्षं तिथेच साठतं. जमिनीतल्या जिवांना ते बाधतं. म्हणून युरोपीय संघाने हेक्टरी 7 वर्षांत 28 किलो तांब्याची मर्यादा घातली. रोगट पानं-काड्या बागेबाहेर नेऊन नष्ट करा, असं सांगतात तेही सगळंच फिरवायचं नसतं म्हणून : काडीबरोबर रोगाचंही चक्र चालू राहतं.

शॅम्पेनच्या मळ्यांनी हा धडा महागात घेतला. तिथे अनेक वर्षं पॅरिस शहराचा कचरा खत म्हणून पसरला जाई. कल्पना निर्दोष होती : शहराने खाल्लं ते मळ्याला परत. पण शहराचा कचरा बदलला, त्यात प्लास्टिक आणि काच आली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस प्रथा बंद झाली, तरी त्या नामांकित मातीत निळ्या प्लास्टिकचे कपटे पुढेही सापडत राहिले. चक्र तेच राहिलं, त्यातून फिरणारा माल मात्र बदलला, आणि ते कोणी वेळेवर पाहिलं नाही.

केटोकडेच परत वळलं तर आणखी एक बाजू दिसते. चोथ्यावर पाणी ओतून काढलेलं पाणचट पेय सुगीनंतर तीन महिने गुलामांना द्यावं, असं तो सांगतो. आणि म्हातारे बैल विकावेत तसे म्हातारे गुलामही विकावेत, असंही. त्याच्या मळ्यात काहीच वाया जात नव्हतं, फक्त माणूस जात होता. आज सुरगाणा-पेठहून बागांवर येणाऱ्या मजुरांच्या अंगावर फवारणीचा अंश उडत असेल, तर काड्या गाडल्याचं पुण्य अपुरंच ठरतं.

चक्र हे आपोआप शुभ नसतं. ते अन्नाचं असतं तसं विषाचंही असतं. काय परत द्यायचं आणि काय अडवायचं हे ठरवणं म्हणजेच शाश्वत शेती. त्यामुळे बागाईतदारांना एवढंच सांगणं आहे : काडी जरूर गाडा, रोगट असेल तेवढी बाहेर काढा, आणि पुढच्या माती परीक्षणाच्या अहवालात तांब्याचा आकडा पाहाल, तेव्हा तो कमी आहे का एवढंच न पाहता जास्त झालाय का, हेही विचारा.