श्वास कोणाचा?

अतिदक्षता विभागात खाटेवर माणूस निजलेला असतो. छाती लयीत वरखाली होते आहे, हात कोमट लागतो, मॉनिटरवरची हिरवी रेघ उसळ्या घेते आहे. बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला डॉक्टर आत बोलावतात आणि सांगतात, “तुमचे वडील ब्रेन डेड आहेत.” मुलगा विचारतो, “म्हणजे अजून आहेत ना, डॉक्टर?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. मराठीत मरणाची खूण श्वासाशी बांधलेली आहे. प्राण गेला, अखेरचा श्वास घेतला, धुगधुगी होती तोवर तोंडात गंगाजल घातले, असेच आपण बोलतो. ‘ब्रेन डेड’ या शब्दात मेलेला दिसतो तो फक्त मेंदू. किडनी निकामी व्हावी तसा मेंदू निकामी झाला, एवढेच घरच्यांना ऐकू येते.

श्वास, हृदय आणि मेंदू पूर्वी काही मिनिटांच्या आत एकापाठोपाठ थांबत. त्यामुळे यांतले मरण नेमके कोणते, हे विचारायची वेळच येत नसे. 1952 मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून हाताने रबरी पिशव्या दाबत राहिले. पुढे ते काम व्हेंटिलेटरने घेतले. असंख्य जीव वाचले; पण मेंदू संपलेल्या देहातही श्वास चालू ठेवता येऊ लागला. भूलतज्ज्ञांनी पोप पायस बारावे यांच्याकडे हा पेच नेला, तेव्हा 1957 मध्ये त्यांनी उत्तर दिले की मृत्यूचा क्षण ठरवणे चर्चच्या अधिकारात येत नाही, ते डॉक्टरांनी ठरवावे.

अवयवारोपणामुळे हा पेच आणखी निकडीचा झाला. डिसेंबर 1967 मध्ये केपटाउनला पहिले मानवी हृदयारोपण झाले. फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडले ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, आणि भारतात ब्रेन स्टेमच्या मृत्यूला कायद्याने मान्यता मिळाली ती 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने.

ब्रेन स्टेम म्हणजे मेंदूचा देठासारखा खालचा भाग. श्वास घेण्याची प्रेरणा तिथून उठते. तो संपला का, हे चार डॉक्टरांचे मंडळ तपासते. डोळ्यांवर प्रकाश टाकतात, बुबुळाला कापसाने स्पर्श करतात, कानात बर्फाचे पाणी सोडतात. शेवटी व्हेंटिलेटर सोडवून नळीतून नुसता ऑक्सिजन देतात आणि छातीकडे बघत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड इतका वाढू देतात, की देठात जीव असेल तर छाती हललीच पाहिजे. किमान सहा तासांनी सगळ्या चाचण्या पुन्हा होतात.

छांदोग्य उपनिषदात इंद्रियांचे भांडण आहे: श्रेष्ठ कोण? वाणी वर्षभर देह सोडून जाते, देह मुका जगतो. डोळे जातात, कान जातात, मनही जाते. तरी देह जगतो. प्राण निघू लागतो तेव्हा मात्र खुंट्यांना बांधलेला उमदा घोडा खुंट्या उपटून निघावा तशी सगळी इंद्रिये उखडली जातात. उपनिषदाला आधुनिक शरीरशास्त्र ठाऊक होते, असे म्हणायचे कारण नाही. पण मन गेलेला माणूस आणि प्राण गेलेला माणूस यांत तिथे जो भेद केला आहे, तोच आज रुग्णालयात सर्वांत जास्त पुसला जातो.

कोमा, व्हेजिटेटिव्ह अवस्था आणि ब्रेन डेड हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 1973 मध्ये हल्ला झाला आणि मेंदूला इजा झाली. त्यानंतर 2015 पर्यंत त्या जगल्या, जवळजवळ सगळा काळ स्वतःच्या श्वासावर. सहकारी परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले. त्या ब्रेन डेड नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात स्पष्ट केले. परिचारिका जपत होत्या तो जिवंत माणूस होता.

यंत्राने मात्र प्राणाची जुनी खूण फसवी केली आहे. श्वास दिसतो, पण तो घेणारा कोणी नसतो. तरीही कोणती खूण अखेरची मानायची, हा प्रश्न निव्वळ विज्ञानाचा उरत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या 1991 च्या कायद्याने, ज्यांच्या धर्मश्रद्धेला मेंदूचा मृत्यू मान्य नाही त्यांच्याबाबत हृदय थांबेपर्यंत वाट पाहण्याची मुभा दिली. डेलावेअर नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियात तशी सोय कायद्यात नाही. तोच देह एका काठावर मृत, दुसऱ्यावर जिवंत ठरू शकतो.

म्हणून बाकावरच्या त्या मुलाला अवयवदानाविषयी विचारण्याआधी साध्या मराठीत सांगायला हवे: “बाबा गेले आहेत. हा श्वास यंत्राचा आहे.” त्याआधी, त्याची तयारी असेल, तर दुसऱ्या चाचणीच्या वेळी त्याला खाटेपाशी उभे राहू द्यावे. व्हेंटिलेटर बाजूला होतो, खोलीतला फुसफुस आवाज थांबतो आणि हाताच्या अंतरावर वडिलांची छाती, मिनिटे सरत जातात तरी, हलत नाही.