ओझं सांध्यापाशी येतं

शेड 18 मीटर लांब, आणि गर्डर साधारण 12 मीटरचा मिळतो. छताखाली चेनपुलीची ट्रॉली चालवायची तर आय-बीमला सांधा घ्यावाच लागतो. कुठे घ्यायचा हे विचारलं की मुरलेला फॅब्रिकेटर सांगतो, मध्यावर नको, आधाराकडे सरकव. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच.

घराच्या तुळईवरचं ओझं बहुतेक एका जागी बसलेलं असतं, त्यामुळे सांधा त्याच्यापासून लांब ठेवता येतो. इथे ओझंच चालत सांध्यापाशी येतं. हिशेब सोपा राहावा म्हणून दोन टोकांना नुसता टेकवलेला 6 मीटरचा बीम आणि 1 टन वजन धरू. वजन मधोमध असताना तिथला बेंडिंग मोमेंट 1.5 टन-मीटर, आणि आधारापासून दीड मीटरवर 0.75, म्हणजे निम्मा. सांधा तिथे घेतला की निम्म्या ताणात भागेल असं वाटतं. पण ट्रॉली खुद्द त्या दीड मीटरवर आली की तिथला मोमेंट 1.125 होतो, कमालीच्या पाऊणपट. आधारापासून 60 सेंटीमीटरवर सांधा घेतला तर तो 0.54 वर उतरतो. अनेक आधारांवरून सलग जाणाऱ्या बीमचे आकडे वेगळे निघतील, कारण तिथे आधारावरही बीम उलटा वाकतो. तरी ओझं सांध्यावर उभं आहे असं धरूनच हिशेब करावा लागतो.

एवढ्यानेही भागत नाही. ट्रॉलीची चाकं खालच्या फ्लँजच्या वरच्या अंगावर, वेबच्या दोन्ही बाजूंनी धावतात. चाकाखाली ती फ्लँज भिंतीतून पुढे काढलेल्या फळीसारखी वाकते. दोन तुकडे नुसते भिडवून वेबला प्लेटा बोल्ट केल्या, तर दोन्ही फ्लँजांची टोकं मोकळीच राहतात. चाक पहिल्या टोकावर आलं की ते झुकतं, पुढचं झुकत नाही, आणि तिथे पायरी तयार होते. प्रत्येक फेरीला चाक तिला धडकतं. म्हणून खालच्या फ्लँजला बेव्हल करून पूर्ण जाडीचा बट वेल्ड लागतो, आणि चाकाच्या वाटेवरचा त्याचा उंचवटा ग्राइंडरने सपाट करावा लागतो. वेल्डच्या सुरुवातीला आणि शेवटी दोष राहतात, ते फ्लँजच्या कडेला राहू नयेत म्हणून बाहेर जोडपट्ट्या लावून नंतर कापतात. या कामात घाई करणारा वेल्डर मला नकोच.

ज्या जागी चाक जात नाही तिथे मात्र मोकळीक आहे. वेबवर आणि वरच्या फ्लँजवर प्लेटा खुशाल लावाव्यात. फ्लँजच्या पोटाखाली लावायची असेल तर ट्रॉलीचा आडवा बोल्ट तिथून निघतो का, ते आधी मापावं.

वेल्ड थंड होताना आकसतो. सगळा मारा एकाच बाजूने केला तर बीम तिकडे ओढला जातो, म्हणून वर-खाली आलटूनपालटून भरावं. ट्रॅकला उतार राहिला तर भरलेली ट्रॉली ब्रेक नसताना आपणहून घरंगळते. चाचणीच्या वेळी वजन मधोमध टांगून मंडळी निघून जातात. ते सांध्यावरही उभं करावं, मग सावकाश दोन्हीकडे ढकलून पाहावं.