फादर, कधीतरी एखादी चालते का?



उपवासकाळ सुरू झाला. राखेच्या बुधवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर आपल्यातल्याच एका तरुणाने मला थांबवले. कपाळावरची राख अजून तशीच होती. म्हणाला, "फादर, हे चाळीस दिवस मी मटण सोडतोय. पण मी कधीतरी एखादी सिगरेट ओढतो. रोज नाही हां, मित्रांबरोबर असलो तर. ती चालेल ना?" (हा प्रश्न पायरीवर विचारलेला आहे, पापनिवेदनात नव्हे, आणि इथे लिहिण्याची परवानगी त्याने दिली आहे. उगीच कोणी काळजी करू नये!) मी त्याला म्हणालो, "रविवारच्या पत्रकात उत्तर देतो." खरे सांगायचे तर त्या क्षणी मी उत्तर टाळले. त्या प्रश्नाशी माझा स्वतःचा जुना हिशेब आहे.

आधी सरळ उत्तर देतो. एक सिगरेट ओढली म्हणजे महापाप झाले, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात, परिच्छेद २२९० मध्ये, अन्न, दारू, तंबाखू आणि औषधे या चारही बाबतींत अतिरेक टाळावा, असे संयमाच्या सद्गुणाखाली सांगितले आहे. झाले तर मग, असे तुम्ही म्हणाल. अतिरेक नको, कधीतरी चालते. मीही बारा वर्षे हेच म्हणत होतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ग्रीकांचे एक कोडे होते. वाळूचा एक कण म्हणजे ढीग नव्हे. त्यात आणखी एक कण टाकला तरी ढीग होत नाही. मग कितव्या कणाला ढीग होतो? आम्ही त्यावर तासन्‌तास वाद घातला. आज वाटते, हे कोडे टपरीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक माणसाने आपल्या सोयीने सोडवलेले आहे. कितव्या सिगरेटला माणूस 'सिगरेट ओढणारा' होतो? नेहमी पुढच्या. आजच्या सिगरेटला कधीच नाही.

पण रक्तवाहिन्या तत्त्वज्ञान शिकलेल्या नाहीत. २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. अनेक देशांतले जुने अभ्यास एकत्र करून ती केली होती. दिवसाला २० सिगरेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या मानाने रोज एकच ओढणाऱ्याला किती धोका? आपण हिशेब करू, विसावा भाग. उत्तर आले जवळजवळ निम्मा. कारण धुराचे थोडेसे प्रमाणही रक्तातल्या गोठणाऱ्या पेशी चिकट करायला आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास द्यायला पुरते. फुप्फुसाच्या कर्करोगाचे गणित वेगळे आहे, तिथे जितके जास्त तितका धोका वाढत जातो. हृदयाच्या बाबतीत मात्र पहिली एकच सर्वांत महाग पडते. रोज न ओढणाऱ्यांचीही अमेरिकेत पाहणी झाली आहे. आयुष्यात कधीच न ओढलेल्या माणसापेक्षा त्यांचाही मृत्यूचा धोका जास्तच निघाला. म्हणजे 'अतिरेक नको' हे धर्मशिक्षणातले शब्द आपण वाचतो तेव्हा आधी विचारले पाहिजे की या वस्तूचा अतिरेक सुरू तरी कुठे होतो.

बिडी बरी, असे नगरकडचे आपले बरेच लोक अजून म्हणतात. पान असते, कागद नसतो, म्हणे. २००८ साली आपल्या देशातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सुमारे ६ वर्षांनी आणि सिगरेट ओढणाऱ्यांचे सुमारे १० वर्षांनी कमी झालेले दिसले. सहा वर्षे म्हणजे बरी असेल तर असो.

आता माझा हिशेब. मी पाकीट कधी विकत घेतले नाही. सुटी घ्यायचो. सणाच्या जेवणानंतर एक, लांबच्या प्रवासात एक, आणि दफनविधी आटोपला की दफनभूमीच्या फाटकाबाहेर पुरुषमंडळींबरोबर एक. याआधी मी ज्या गावी होतो तिथे एसटीचे एक ड्रायव्हर होते. त्यांची गाडी मुक्कामाला आपल्या स्वारगेटला यायची. फार भला माणूस. मिस्साला पहिल्या बाकावर नसायचे, पण मंडप घालायला सगळ्यांच्या आधी हजर. गाडी उभी केली की एक, एवढीच त्यांची सवय. कधी मी पुण्याला येताना त्यांच्याच गाडीत असलो, तर स्टँडबाहेर आम्ही दोघे मिळून ओढायचो. ते संकोचून म्हणायचे, "फादर, तुमच्यासमोर बरं दिसत नाही." मी म्हणायचो, "एकाने काय होतंय?"

बावन्नाव्या वर्षी झोपेतच त्यांचे हृदय बंद पडले. त्या एका सिगरेटने त्यांना नेले असे मी म्हणू शकत नाही, डॉक्टरही म्हणणार नाहीत. रात्रपाळ्या होत्या, रक्तदाब होता, घरची कर्जे होती. पण त्यांच्या पत्नीने मला हात जोडून सांगितले, "फादर, ते काही ओढणाऱ्यातले नव्हते." आणि मी, त्यांच्यावर दफनविधी करून बाहेर आलेला त्यांचा धर्मगुरू, फाटकाबाहेर कोणीतरी पुढे केलेली सिगरेट घेतली. ओढून झाल्यावर वळलो तर त्यांचा धाकटा मुलगा, माझा ऑल्टर बॉय, समोर उभा. काही बोलला नाही. माझ्या हातातले होली वॉटरचे भांडे त्याने घेतले आणि चालू लागला.

त्या दिवशी सोडली असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. पुढे तीन महिने लागले. 'कधीतरी' ओढणाऱ्याला सोडणे सोपे असायला हवे, कारण शरीराची ओढ फारशी नसते. पण मला सोडायचेच काही नव्हते ना! मी ओढणारा नव्हतोच. ज्याला आजार आहे हे मान्य नाही, तो औषध कशाला घेईल?

संत मोनिकाची आपण संत ऑगस्टीनची रडणारी, प्रार्थना करणारी आई म्हणून आठवण करतो. पण ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनाच्या नवव्या भागात तिच्या लहानपणाची एक गोष्ट सांगितली आहे, ती आपल्या प्रवचनांत फारशी येत नाही. घरच्यांसाठी पिंपातून द्राक्षारस काढून आणायला मोनिकाला पाठवत. ती शहाणी मुलगी, तिच्यावर विश्वास होता. भांड्यात ओतण्याआधी ती नुसते ओठ लावायची. प्यायची हौस म्हणून नव्हे, पोरवयातला खोडकरपणा म्हणून. रोज एक थेंब जास्त. होता होता पेलाच्या पेला रिकामा होऊ लागला. घरात कोणाला पत्ता नाही. तळघरात तिच्याबरोबर जाणारी एक दासी होती. एकदा दोघींचे भांडण झाले आणि त्या दासीने रागाच्या भरात तिला तोंडावर 'दारुडी' म्हटले. मोनिकाला ते झोंबले. तिने स्वतःकडे पाहिले आणि त्याच घटकेला ती सवय टाकून दिली. ऑगस्टीन म्हणतो, दासीचा हेतू सुधारण्याचा नव्हताच, तिला टोचायचे होते. पण देवाने त्या टोचणीचाच उपयोग करून घेतला. माझी दासी म्हणजे तो काही न बोलणारा मुलगा.

पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात हेच सांगितले आहे. एखाद्या गोष्टीची मोकळीक असली तरी तिच्या ताब्यात मी जाणार नाही, असा त्याचा बाणा आहे. आपण त्याच अध्यायातले शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर, एवढेच लक्षात ठेवतो. मला मात्र हा ताब्याचा मुद्दा जास्त उपयोगी पडला.

जाता जाता एक गोष्ट. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मिशनरी आले ते पोर्तुगीज जहाजांतून, आणि तंबाखूही पोर्तुगीजांनीच आणली. पुढे १६४२ साली पोप आठवे अर्बन यांना स्पेनमधल्या सेव्हिलच्या चर्चमध्ये तंबाखूवर बंदी घालावी लागली, कारण मिस्सा चालू असतानासुद्धा लोक, आणि काही धर्मगुरूही, तिचे सेवन करत! तेव्हा प्रश्न चर्चच्या पावित्र्याचा होता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली, व्हॅटिकनमध्ये कर्मचाऱ्यांना सवलतीत मिळणाऱ्या सिगरेटींची विक्री पुढच्या वर्षापासून बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा प्रश्न माणसाच्या जिवाचा होता. त्या विक्रीतून उत्पन्न चांगले होते. तरी बंद केली.

सोडल्याने काय मिळते, हे मात्र आपण पुरेसे सांगत नाही. नुसती भीती घालतो. शेवटच्या सिगरेटनंतर २० मिनिटांत नाडी उतरू लागते. १२ तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साधारण पातळीवर येतो. दोन-तीन आठवड्यांपासून पुढे रक्ताभिसरण सुधारते, जिना चढताना ते जाणवते. पहाटेचा खोकला महिन्याभरात कमी होऊ लागतो. नेहमी ओढणाऱ्याच्या बाबतीत वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो आणि साधारण १५ वर्षांत न ओढणाऱ्याच्या जवळपास पोहोचतो. ज्यांना वाटते की आता साठी उलटली, काय उपयोग, त्यांच्यासाठी: सर रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९५१ पासून ५० वर्षे ब्रिटनमधल्या डॉक्टरांचीच नोंद ठेवली. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सुमारे ३ वर्षांचे आयुष्य वाचवले, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी ६, चाळिशीत ९, तिशीत जवळजवळ सगळी १०. तीन वर्षे म्हणजे एखाद्या नातवाचे पहिले कम्युनियन.

त्रास होतो का? होतो. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड जास्त, मग दोन-चार आठवड्यांत ओसरते. तल्लफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्या, चालायला लागा, एक माळेचे रहस्य म्हणा. 'कधीतरी'वाल्यांची खरी अडचण तल्लफ नसून जागा आणि सोबत आहे. जेधे चौकात बसची वाट पाहताना चहा घेतला की हात आपोआप टपरीकडे जातो. महाराष्ट्र सरकारने २०२० साली सुटी सिगरेट-बिडी विकायला बंदी केली आहे, तरी ती कशी मिळते हे मी तुम्हाला सांगायला नको. चहा दुसरीकडे घ्या. मित्रांना स्पष्ट सांगा. रोज ओढणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, निकोटीनच्या च्युइंगमसारखे उपाय आहेत. सिगरेटच्या पाकिटावरच मदतीचा मोफत फोन क्रमांक १८००-११-२३५६ छापलेला असतो, तो वाचायला पाकीट विकत घेण्याची गरज नाही. त्या ई-सिगरेटला पर्याय समजू नका, तिच्यावर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे.

आणि माझ्या भगिनींनो, हे पुरुषांसाठी आहे म्हणून पान उलटू नका. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, पण धुराविना तंबाखू घेणारे २४.४ टक्के. त्यात गुटखा-खैनी आहे तशी आपल्या आजी-मावश्यांची सकाळची मिश्रीही आहे. माझी आजी मिश्रीला दातांचे औषध म्हणायची. शेवटी तिच्या तोंडात एक दात नव्हता, मिश्री मात्र होती.

तर त्या तरुणाला माझे उत्तर असे. मटण खा. सिगरेट सोड, चाळीस दिवस, एकही नाही. रविवार उपवासात मोजत नाहीत, हा वकिली मुद्दा माझ्याकडे आणू नकोस. जमले तर तू म्हणतोस तसे खरेच 'कधीतरी' होते, मग ईस्टरनंतर परत घेण्याचे कारण काय? नाही जमले, तर आपल्या दोघांनाही एक खरी गोष्ट कळेल आणि तू माझ्याकडे ये. मी रागावणार नाही, मला तो अधिकार नाही.

ज्या कोणाला हे चाळीस दिवस एकट्याने जड वाटतील त्यांनी गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर ऑफिसमध्ये यावे. नाव लिहून घेणार नाही. चहा मिळेल.

हे लिहून होईपर्यंत तो तरुण शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला येऊन गेला. मी न विचारताच दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. दोन दिवस झाले, म्हणाला. मटणाचे काय ठरले ते मी विचारले नाही, शुक्रवार होता.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू