कुळाचे दोन अर्थ

गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी होण्यापूर्वी, बांधीतील ओलावा पायाला अद्याप जाणवत असतानाच, उभ्या पिकात लाखोळीचे बी फेकून देण्याची, म्हणजे उतेऱ्याची, जी जुनी वहिवाट आहे, तीत ना नांगरट असते, ना खताची गाडी. आणि तरीही ती रोपे हिवाळ्यात निळ्या फुलांनी भरून येतात. असे एखादे रोप हलक्या हाताने उपटून मूळ धुतले, तर त्यावर बारीक गाठी दिसतात, आणि एखादी गाठ नखाने फोडली, तर आत गुलाबी रंग दिसतो. तेथे राहणारा जिवाणू हवेतील नत्र रोपाला पुरवितो आणि मोबदल्यात रोपाकडून अन्न घेतो. या रहिवाशाला कोणत्या नावाने ओळखावे, हा प्रश्न सकृद्दर्शनी क्षुल्लक आहे. परंतु त्याचे उत्तर शोधताना शास्त्राला ‘जाती’ या कल्पनेचाच फेरविचार करावा लागला.

बायरिंक यांनी 1888 मध्ये हा जिवाणू गाठीतून वेगळा काढला आणि पुढच्याच वर्षी फ्रांक यांनी त्याला रायझोबियम हे नाव दिले. 1932 मध्ये फ्रेड, बॉल्डविन आणि मॅकॉय या विस्कॉन्सिनच्या संशोधकांच्या ग्रंथाने त्याच्या जाती कोणत्या वनस्पतीवर गाठी येतात त्यावरून ठरविल्या : वाटाणा, मसूर, लाखोळी यांवरील तो लेग्युमिनोसॅरम, क्लोव्हर या चारापिकावरील तो ट्रायफोलाय, राजम्यावरील तो फेजिओली. मराठीत ‘कूळ’ या एकाच शब्दाला वंश आणि दुसऱ्याची जमीन कसणारा असे दोन अर्थ आहेत. या वर्गीकरणात ते दोन्ही अर्थ नकळत एक झाले होते, आणि जो ज्याच्या शेतात राबतो तो त्याच वंशाचा, असे दफ्तरी लिहिले गेले. व्यवहारापुरती ही सोय वाईट नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तथापि 1944 मध्ये जे. के. विल्सन यांनी आपल्या लेखाच्या मथळ्यातच हे गट सोडून देण्याची पाचशेहून अधिक कारणे असल्याचे जाहीर केले. गटाची शीव ओलांडून गाठी करणारे जिवाणू त्यांना इतके भेटले होते.

शीव का ओलांडली जाते, याचा उलगडा 1978 साली इंग्लंडमधील नॉर्विच येथे झाला. जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटाण्याच्या जिवाणूतील एक प्लाझमिड, म्हणजे मुख्य गुणसूत्राहून अलग असलेले जनुकांचे कडे, क्लोव्हरच्या आणि राजम्याच्या जिवाणूंत जाऊ दिले. आणि ते जिवाणू वाटाण्यावर गाठी करू लागले. ज्या गुणावरून वंश ठरविला होता, तो गुण वडिलोपार्जित नसून हस्तांतरणीय मिळकत निघाला. 1984 मध्ये जॉर्डन यांनी त्या तीन जाती एकाच लेग्युमिनोसॅरम जातीत विलीन केल्या; जुनी नावे केवळ पोटभेद म्हणून उरली.

प्रयोगशाळेच्या काचेत घडले ते उघड्या शिवारातही घडते काय, अशी शंका घेणाऱ्याला न्यूझीलंडने उत्तर दिले. तेथे लोटस नावाच्या चाऱ्याच्या बियाण्याला एकच जिवाणू लावून पेरणी केली होती. सात वर्षांनी त्या शेतातील गाठी तपासल्या, तेव्हा त्यांत पुष्कळसे स्थानिक मातीतले निराळेच जिवाणू सापडले, पण गाठीची जनुके मात्र पेरलेल्या जिवाणूचीच! सलिव्हन आणि रॉन्सन यांनी 1998 मध्ये दाखविले की, सुमारे पाच लक्ष अक्षरांचा एक सलग जनुकखंड एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊन गुणसूत्रात ठराविक जागी बसतो. फेरफाराच्या नोंदवहीत याहून मोठे बक्षीसपत्र क्वचितच आढळेल.

मग वंश कशावरून ठरवावा? वूज आणि फॉक्स यांनी 1977 मध्ये रायबोसोमच्या आरएनएवर भिस्त ठेवून सर्व सजीवांचा वृक्ष रेखाटला, कारण तो रेणू सहसा हात बदलीत नाही. परंतु 1999 मध्ये डूलिटल यांनी असा आक्षेप मांडला की एका जनुकाची वंशावळ ही संपूर्ण जीवाची वंशावळ मानता येत नाही, आणि जिवाणूंचा इतिहास वृक्षापेक्षा जाळ्यासारखा आहे. शिवाय निकटच्या भाऊबंदांत मूळ गुणसूत्राचेही लहान-लहान तुकडे पुनःसंयोगाने अदलाबदल होत असतात. त्यामुळे एका जनुकाने काढलेली वंशावळ दुसऱ्याच्या वंशावळीशी जुळेलच असे नाही.

मला मात्र येथे निराश होण्याचे कारण दिसत नाही. यॉर्क येथे एक चौरस मीटर जमिनीतून काढलेल्या 72 लेग्युमिनोसॅरम जिवाणूंचे संपूर्ण जनुकसंच वाचले, तेव्हा त्यांत मूळ जनुकांवरून पाच स्पष्ट समूह निघाले. वंश होताच, तो केवळ गाठीत शोधल्याने सापडत नव्हता. उतेरा घेणाऱ्या शेतकऱ्याला मात्र त्या वंशाहून गाठीची मिळकत अधिक मोलाची आहे, म्हणून दोन्ही नोंदी हव्यात, आणि त्या निरनिराळ्या रकान्यांत हव्यात. शास्त्राने अलीकडे तसेच केले आहे : लाखोळीच्या गाठी करणाऱ्या अशा जिवाणूचे नाव आज ‘रायझोबियम लेग्युमिनोसॅरम, सिम्बायोव्हार व्हिसिए’ असे लिहितात; त्यातला पहिला भाग वंशाचा आहे आणि दुसरा, उद्या शेजाऱ्याच्या हाती जाऊ शकणाऱ्या, मिळकतीचा.