बुर्जी

आमचा डाव अकोला आणि अमरावती यांच्यामध्ये चालतो. मी अकोल्याला, मित्र अमरावतीला. मध्ये मूर्तिजापूर आणि शंभरेक किलोमीटरची वाट. पूर्वी पोस्टकार्डावर एक चाल जायची आणि उलट चाल यायला आठवडा लागायचा. आता मोबाइलवर रोज एक चाल.

आमचे नियम आजच्या कोणत्याही स्पर्धेत चालणार नाहीत. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते. किल्लेकोट नाही, शह बसलेला नसेल तर राजा एकदाच घोड्याची चाल चालतो. समोरच्याचे सगळे मोहरे मारून राजा एकटा उरवला तर ती बुर्जी, पूर्ण जीत नव्हे. हे वाडवडिलांचे देशी बुद्धिबळ. मीर सुलतान खान अशाच देशी खेळात तयार झाले, मग विलायती नियम शिकले आणि १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आले. 'फिडे'ने त्यांना मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ मध्ये, मरणानंतर.

आमचा शेवटचा नियम असा की चाल कुणाला विचारायची नाही. पोस्टकार्डाच्या दिवसांत तो पाळणे सोपे होते. विचारणार तरी कुणाला? पण १९९७ साली 'डीप ब्लू' या संगणकाने कास्पारोव्हला हरवले आणि आज त्याहून बलवान खेळाडू प्रत्येकाच्या खिशात आहे. डाव मध्यावर आला, प्यादी पुढे सरकली, राजे आपापल्या जागी बसले की देशी-विलायती हा फरक बराचसा मिटतो. मग तो पट यंत्रापुढे खुशाल मांडता येतो.

गेल्या हिवाळ्यात मी तो मांडला. माझा वजीर अडकला होता. नातवाच्या फोनने क्षणात घोड्याचा बळी सुचवला. ती चाल खेळलो असतो तर चोरी होती. न खेळावी, तर माझी स्वतःची चाल कोणती होती हेच आता मला सांगता येईना. पाहिलेले न पाहिलेले कसे करणार?

हा नियम सरकारचा नाही, शरियतचाही नाही. पैसा लावलेला नव्हता. मग नुकसान कुणाचे? खूप विचार केला तेव्हा लक्षात आले, की दुसऱ्याने घातलेल्या नियमाला पहारेकरी असतो. आपणच घातलेल्या नियमाला आपल्याशिवाय कुणी नसतो. वऱ्हाडातल्या मे महिन्यात रोजेदार बंद खोलीत माठाशेजारी बसतो आणि पाणी पीत नाही. तिथे पाहणारा अल्लाह आहे, अशी त्याची श्रद्धा असते. खेळाची बरोबरी इबादतीशी मी करत नाही. पण कुणी बघत नसताना हात आवरायची सवय दोन्हीकडे एकच लागते.

नियम बदलता येतो, हेही खरे. मात्र तो दोघांनी मिळून आणि डाव मांडण्याआधी बदलायचा. अडचणीत आल्यावर एकट्याने बदललेल्या नियमाला सोय म्हणतात.

रात्री मित्राला फोन केला आणि सांगून टाकले. तो हसला. "काऊन सांगतलं बे? कोनं पायलं होतं तुले?"

मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. नंतर हळूच विचारले, "याच्या आंधी कधी?"

"नाही."

त्या 'नाही'ला पुरावा नव्हता. इतक्या वर्षांचे सगळे डाव त्या एका शब्दावर येऊन थांबले होते. माझी भीती हरण्याची नव्हतीच. ती या प्रश्नाची होती. अन् सांगितले नसते, तर हा प्रश्न मीच मला रोज विचारला असता.

मी डाव सोडतो म्हणालो. त्याने मानले नाही. "तू हारला नाही, मी जितलो नाही. बुर्जी समजू. उद्या नवा पट मांड, अन् पह्यली चाल माही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची चाल आली. राजापुढचे प्यादे, एक घर.